मोशीत खून होत नाहीत

"मुडदा तिसऱ्या प्रकरणात?" मी ज्योतीरामला विचारलं. "मग आधीची दोन प्रकरणं तो काय दाढी करत बसतो?"

"आक्का, हळूहळू रंगत चढती त्याच्यात."

"रंगत चढायला तो काय तमाशा आहे? मला मुडदा पहिल्या पानावर पाहिजे. पुढच्या वेळी बघून आण."

ज्योतीराम माझा धाकटा भाऊ, दापोडीच्या वर्कशॉपात फिटर. दर रविवारी सायकल हाणत भोसरीवरून आमच्या मोशीच्या मळ्यावर यायचा, आणि येताना कामगारांच्या वाचनालयातली एक डिटेक्टिव्ह कादंबरी घेऊन यायचा. पिशवीत वर भाजी आणि खाली खून. त्या दिवशी तो ओट्यावर बसून ताक पीत होता आणि वाचून झालेलं पुस्तक मी त्याच्या पुढ्यात आपटलं होतं.

"हा तुझा डिटेक्टिव्ह राखेवरून विडी ओळखतो, चिखलावरून माणूस कुठल्या गल्लीतला ते ओळखतो. आणि रोज ज्याच्या हातचा चहा पितो तोच खुनी, हे कळायला त्याला दोनशे पानं लागतात. मी दहाव्या पानावर ओळखला."

"कसा काय?"

"उगाच गोड बोलत होता. घरात मुडदा पडलाय आणि हा पाहुण्याला विचारतो, साखर किती घालू. माणूस आहे का कोण?"

ज्योतीराम हसला. माझ्या तिरळ्या डोळ्याकडे बघत म्हणाला, "तुझं बरं हाय. एका वक्ताला दोघांवर पाळत ठेवतीस."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. त्या डोळ्यापायीच मी चोवीस वर्षांची होईपर्यंत दापोडीत बिनलग्नाची राहिले आणि शेवटी मोशीला दुसरेपणावर दिली गेले. पण वाचायला तो डोळा कधी आडवा आला नाही. सातवी पास होते. लग्नात वडिलांनी भांडी दिली, आणि भावाने शब्द दिला की पुस्तकं कमी पडू देणार नाही. बाकी कोणी काही पाळो न पाळो, ज्योतीरामने ते पाळलं.

तर माझं मत असं, की डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना मेलेल्या माणसाचं काही पडलेलं नसतं. पहिल्या पानावर बाई मरते, दुसऱ्या पानावर फौजदार येतो, तिसऱ्या पानावर सगळे चहा पीत बसतात. तिला आंघोळ कोणी घातली, घरात दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली, दहाव्याला कावळा शिवला का, काही नाही. ती बाई फक्त मरण्यापुरती. आणि डिटेक्टिव्हचा तो मदतनीस! इतका बावळट, की आमच्या मोशीत त्याला कोणी म्हशी राखायला ठेवला नसता. आणि शेवटी खुनी उभा राहून चार पानं भाषण करतो, मी असं केलं आणि मी तसं केलं. कोण सांगतं हो असं? आमच्याकडे कोंबडी चोरलेला माणूससुद्धा मरेपर्यंत कबूल करत नाही.

आणि सगळे खून बंगल्यात. टेलिफोन पाहिजे, पिस्तूल पाहिजे, जिन्यावर गालिचा पाहिजे. शंभर पुस्तकं वाचली असतील, एकातही विहीर नव्हती.

मोशीत खून होत नाहीत. इथं बायकांचे पाय घसरतात.

माझ्या आधीची, गवरा, तशीच गेली. मळ्याच्या वरच्या अंगाला चिंचेखाली प्यायच्या पाण्याची एक विहीर होती, तिच्यात. मी आले तेव्हा ती विहीर बाभळीच्या काट्या टाकून बुजवल्यासारखी करून टाकलेली होती, आणि आम्ही पाणी खालच्या मोटेच्या विहिरीवरून आणत होतो. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात गवराचा टाक घातला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. पहिलीला मान दिला नाही तर ती दुसरीला सुखानं नांदू देत नाही, म्हणून घालतात. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिच्या नावाचा. मी दापोडीची, रेल्वेच्या रुळांशेजारी वाढलेली. सुरुवातीला मला या सगळ्याचं हसू यायचं. पण दिवसभर एका बाईला गळ्यात घेऊन हिंडायचं म्हणजे तिची ओळख होतेच. भाकरी थापताना टाक पुढे लोंबायचा आणि परातीच्या कडेला वाजायचा. मी म्हणायचे, थांब गवराबाई, देते.

आणि मग मला वाटायला लागलं, की ही बाई काहीतरी सांगतेय.

आमचे हे बोलायला कमी. गावातले पुरुष यांना धर्माजी म्हणत. पोलीसपाटील रंगराव तर म्हणायचे, "धर्माजीकडून शब्द काढायचा म्हंजे मोटच जुपावी लागती." दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. मला दिवस गेल्यापासून पहाटे उठून पाण्याची घागर हेच आणून ठेवत. मला ओकारी आली की चुलीपाशी येऊन विचारत, "लिंबू आनू का?"

दुसरी कोणी असती तर देवापुढे साखर ठेवली असती. मी मात्र पुस्तकं वाचलेली बाई. माझा स्वतःचाच नियम होता, की घरात जो सगळ्यात गोड वागतो त्याच्यावर नजर ठेवावी.

त्यात एक गोष्ट रोजची. सूर्य डोक्यावर आला, की हे शेतात जिथे असतील तिथे काम थांबवून उभे राहत. हातात खुरपं असो, बैलाचा कासरा असो, मान वर करून थांबत. एकदा मी भाकरी घेऊन गेले तर मला बघितलंसुद्धा नाही.

"काय ऐकताय?"

"कुटं काय," हे म्हणाले आणि डोळे पुसले. घाम असेल म्हणून मी सोडून दिलं. पण नंतर दर दुपारी बघायला लागले, आणि दर दुपारी हे तसेच. खाई त्याला खवखवे, असं माझी आई म्हणायची. ते माझ्या ध्यानात आलं.

यांची चुलती सारजाबाई शेजारच्याच छपरात राहायची. एकटी, विधवा, जीभ तिखट, पण माझ्यावर जीव. तिच्यासोबत लसूण सोलता सोलता मी हळूच विषय काढला.

"आत्याबाई, गवराताई गेल्या तेव्हा घरी कोण होतं?"

"तुला कशाला पायजे गं त्ये? पोटूशी बाई तू."

"माझ्या गळ्यात बसल्यात त्या. मला विचारायचा हक्क आहे."

हे तिला पटलं. लसणाचं टोपलं बाजूला सारून ती म्हणाली, "कोन व्हतं? कोन बी न्हाई. मी चाकनच्या बाजारला गेल्याली. थोरला कांदं लावत व्हता." सारजाबाई यांना थोरल्या अशीच हाक मारायची, कारण पाठचा भाऊ लहानपणीच गेलेला. "ती पानी आनाया गेली. थोरला जेवाया घरला आला तर चूल इजल्याली, बाईचा पत्त्या न्हाई. मग हिरीवर गेला. एक घागर भरून काठावर ठिवल्याली, दुसरी हिरीत. काठाचा धोंडा बी निखळल्याला. थोरल्यानं सोता आत उडी घ्येतली बग. पन काय उपेग?"

"फौजदार आले असतील."

"आलं की. इचारलं त्यास्नी, बाईची हाक बिक ऐकली का? थोरला म्हनला, न्हाई ऐकली. पंच म्हनलं, पाय घसरला. झालं." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तू नगं त्या फंदात पडू, सूनबाई. टाक नीट घाल गळ्यात आन गप ऱ्हा."

गप कशी राहू? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जीव द्यायला गेलेली बाई आधी घागर भरून काठावर ठेवत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे गवरा एक तर घसरली, नाही तर ढकलली गेली. घसरली असेल तर ओरडली असणार. पाण्यात पडलेलं माणूस ओरडतंच. आणि ओरडली असेल तर कांद्याच्या वाफ्यांपर्यंत ते ऐकू जातं की नाही, एवढाच प्रश्न राहिला. जात असेल, तर हे फौजदाराशी खोटं बोलले होते. पुस्तकात खोटं बोलतो तोच खुनी असतो. माझ्या पोटात तिसरा महिना. शेजारी अंगावर घोंगडी घेऊन हे झोपलेले. माझी वाकळ सरकली होती, ती यांनी झोपेतच ओढून माझ्या अंगावर घातली, आणि मला हुंदका आवरेना.

पुढच्या रविवारी हे कांद्याच्या रोपांसाठी चाकणला गेले. ज्योतीराम आला तो मी त्याला ओट्यावर टेकूसुद्धा दिलं नाही.

"चल माझ्याबरोबर. चिंचेखालच्या विहिरीत तोंड घालून हाक मार मला."

"आक्का, येड लागलं काय तुला? भर दुपारचं हिरीत तोंड घालू?"

"मग रात्री घालतोस?"

तो गेला बिचारा. त्याला सगळं सांगितलं होतं आणि त्याचं तोंड उतरलं होतं. मी वाफ्यांत जाऊन उभी राहिले. काट्या बाजूला करून ज्योतीराम काठावर पालथा पडलेला दिसला. मग हाक आली.

"आक्काऽऽ!"

दूरवरून, पण अगदी स्पष्ट. घागरीत तोंड घालून कोणी बोलावं तशी. आणि एक सांगते, तो आवाज ज्योतीरामचा नव्हता. म्हणजे त्याचाच होता, मी डोळ्यांनी बघत होते, पण पाठच्या भावाचा आवाज मला ओळखू आला नाही. पुरुषाचा की बाईचा तेही सांगता आलं नसतं. टाक मी मुठीत धरला होता.

ज्योतीराम पळतच आला. कोपरांना माती, पायात काटा.

"आली का ऐकू?"

"आली."

आम्ही दोघं तिथेच बांधावर बसलो. ज्योतीराम एरवी बडबड्या, पण बराच वेळ पायातला काटा काढत राहिला. शेवटी म्हणाला, "गाठोडं बांध. आत्ताच्या आत्ता चल. सायकलीवर नेतो तुला दापोडीला. दाजी चाकणवरनं यायच्या आत."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या बायलीला... तुला जगायचं हाय का न्हाई?"

जगायचं होतं. पण मला पळून जायचं नव्हतं. आई-वडिलांच्या दोन खोल्या, त्यात भाऊ, भावजय, आता मी आणि हे पोर. आणि उद्या पोराने विचारलं, माझा बाप कोण, तर काय सांगू? बहुतेक खुनी असावा? बहुतेकवर माझं आयुष्य जाणार नव्हतं.

"पुढच्या रविवारी ये," मी म्हटलं. "गाठोडं बांधून ठेवते. पण आधी त्यांच्या तोंडून ऐकणार."

"तोंडून कोण सांगतं का? तूच म्हनतीस न्हवं?"

"नाही सांगितलं तर तेही कळेल."

तीन दिवस धीर झाला नाही. पुस्तकातला डिटेक्टिव्ह शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, दाराशी हवालदार उभा करतो आणि मग बोट दाखवतो. माझ्याकडे दिवाणखाना नव्हता, हवालदार नव्हता. एक नवरा होता आणि दोन बैल. चौथ्या दिवशी दुपारी मी भाकरी, पिठलं आणि कांदा बांधून शेतात गेले. यांनी नव्या वाफ्यांत रोपांची लागण सुरू केली होती. पाणी सोडलेल्या चिखलात बसून एकेक रोप लावायचं. हात धुऊन बांधावर आले. मी वाढलं. यांनी पहिला घास बाजूला काढून ठेवला, नेहमीसारखा, तिच्या नावाचा.

त्या घासाकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं. तयारी केली होती ती सगळी विसरले.

"गवराताईंची हाक तुम्हाला ऐकू आली होती."

यांचा हात भाकरीवर थांबला. मला वाटलं आता उठतील, आता मारतील. मी उठून पळायचं कुठल्या बाजूला तेही बघून ठेवलं होतं. गाठोडं घरात तयार होतं.

"आली व्हती," हे म्हणाले.

हे माझ्याकडे बघत नव्हते. चिंचेकडेही नाही. खाली, चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत होते.

"दोनदा आली. नावानं. धर्माऽ, आसं."

कुठल्याच पुस्तकात असं नव्हतं.

"मला नावानं हाक मारनारी बाई येकच व्हती. माजी आई. ती आदल्या सालीच गेली. चुलती थोरल्या म्हनती. बाकीच्या बाया दादा म्हनत्यात, न्हाईतर भावजी. आन ही... ही कशाला माजं नाव घील? नवऱ्याचं नाव कुनी घेतं का?" यांनी तळहात मांडीवर पुसला, पुन्हा पुसला. "सूर्व्या डोक्यावर. चिटपाखरू न्हाई. आन धर्मा म्हनून हाक आली. म्या म्हनलं, आई आली न्यायाला."

"अहो..."

"आई सोताच सांगायची. दुपारच्या वक्ती हाक आली तर ओ द्याची न्हाई. तीनदा आली तरच द्याची. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा त्येला जमत न्हाई. म्या रोप हातात धरून तसाच बसलो. पुन्यांदा आली, धर्माऽ. म्या तोंडातनं श्वास बी काढला न्हाई. तिसऱ्या हाकंची वाट बघत बसलो."

पलीकडे बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. हे तेवढ्यानेही दचकले.

"तिसरी आलीच न्हाई. म्या देवाचं नाव घ्येतलं. म्हनलं, सुटलो. बरं वाटलं मला, आगं. बरं वाटलं. आन पुढची चार रोपं लावली म्या."

मी मूर्खासारखं विचारलं, "आवाज तरी ओळखायचा होता."

"कसा वळखू?" यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तिच्या तोंडात माजं नाव म्या कवा ऐकलंच न्हवतं."

मला वाटत होतं की खुनी सापडला की जीव हलका होतो. पुस्तकात तसंच असतं, शेवटचं पान वाचलं की आपण पुस्तक मिटतो आणि झोपतो. माझा जीव हलका झाला, हे खोटं कशाला बोलू. माझ्या पोरीचा का पोराचा बाप खुनी नव्हता. पण त्याच वेळी छातीवर असं काही येऊन बसलं की मला रडताही येईना. ती बाई तिथे पाण्यात. आयुष्यात कधी उच्चारलं नाही ते नाव तिने घेतलं, कारण अहो म्हटलं तर कोणाला कळणार, कुठला अहो? जीव वाचवायला तिने रीत मोडली, आणि यांनी जीव वाचवायला रीत पाळली. कोणाला बेड्या घालायच्या? यांच्या आईला? ती तर शहाणपणाचंच सांगत होती.

"फौजदाराला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? आईच्या भुतानं हाक मारली म्हनून सांगू? का बायकू वरडत व्हती आन मी कांदं लावत व्हतो म्हनून सांगू?" हे उठले. ताटातली भाकरी तशीच होती. "आजून बी दुपार झाली की कान लावतो. वाटतं, येक डाव यील तिसरी. आता आली तर द्यावी ओ."

आणि परत वाफ्यात जाऊन रोपं लावायला बसले. पाठमोरे. मी ती भाकरी बांधली, घरी आणली आणि गाईला घातली.

रविवारी ज्योतीराम आला. सायकल दारात आडवी टाकूनच म्हणाला, "झालं का गाठोडं?"

"सोडलं."

मी त्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. तरुण माणूस, पण एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मग दाजींचा गुन्हा कंचा म्हनायचा?"

"मला विचारू नकोस. तुझ्या डिटेक्टिव्हला विचार."

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. "पहिल्याच पानावर मुडदा हाय. वाचनालयवाल्याला इचारून आणलंय."

"ठेव तिथं."

त्या पुस्तकांवर मी पुष्कळ टीका केली आहे, पण माझा मुख्य राग मला त्या दिवशी कळला. डिटेक्टिव्ह शेवटच्या पानावर टोपी घालून निघून जातो. ज्यांना त्याच घरात, त्याच जिन्यावरून रोज चढायचं-उतरायचं असतं, त्यांना तो काही सांगून जात नाही. मी टोपी घालून कुठे जाणार होते? मला तर संध्याकाळची भाकरी टाकायची होती.

ज्योतीराम जेवून परत गेला. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात नोकरीसाठी कोणाला तरी भेटायचं होतं त्याला. मी भांडी घासली. राख तशीच हाताला. ऊन उभं होतं. ओट्यावरून मला हे दिसत होते, खालच्या वाफ्यांत. आणि बघता बघता उठून उभे राहिले. हात लोंबते, मान वर. रोजच्यासारखे.

पुढे जे केलं ते शहाणपण होतं की आगावपणा, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. सारजाबाईला कळतं तर तिने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. पोटूशी बाई, भर दुपार, आणि ती विहीर. भीती वाटत होती का? होती. पण हा माणूस आणखी तीस-चाळीस वर्षं रोज दुपारी असाच उभा राहणार आणि मी ओट्यावरून बघत राहणार, याची मला जास्त भीती वाटली.

मी चिंचेखाली गेले. ज्योतीरामने सरकवलेल्या काट्या तशाच होत्या. गुडघ्यांवर बसले, निखळलेल्या धोंड्याच्या जागी हात टेकला आणि आत वाकले. गार वास आला. पाणी खाली काळं दिसत होतं. गळ्यातला टाक सुटून पुढे लोंबला, आणि मी मनात म्हटलं, गवराबाई, तुझी राहिली होती ती मी मारते.

"धर्माऽऽ!"

पहिल्यांदाच ते नाव माझ्या तोंडून निघालं. विहिरीने ते घेतलं आणि वर फेकलं, आणि तो आवाज माझा उरला नाही.

क्षणभर काही नाही. मग वाफ्यांतून ओरड आली.

"ओ!"

मी मान वळवून बघितलं. हे धावत सुटले होते. बांधाने नाही, सरळ वाफ्यांमधून, सकाळपासून लावलेली रोपं तुडवत. यांच्या वाफ्यात कोणाचं कोंबडं शिरलं तर त्याच्या मागे ढेकळं घेऊन धावणारा माणूस. एकदा पडले, उठले. "ओ! आलो! आलो गं!" असं सारखं ओरडत होते, आणि आवाज फुटत होता.

मी उठून उभी राहिले, की मला बघतील आणि थांबतील. थांबले नाहीत. माझ्या अंगावरून काठावर आले, काट्यांवर तसेच पालथे पडले आणि विहिरीत तोंड घालून म्हणाले, "ओ."

पाठ हलत होती. मी खाली बसून त्यांच्या दंडात मोडलेले काटे एकेक करून काढत राहिले. ती ओ त्यांनी कोणाला दिली, मला की तिला की आईला, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

ऊन कलल्यावर आम्ही दोघं वाफ्यांत गेलो. बरीच रोपं चिखलात दडपली होती. यांनी एका टोकाने सुरुवात केली आणि मी दुसऱ्या टोकाने, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही ती एकेक करून पुन्हा उभी केली.